हलकी बंदूक मागू नका, मापाची मागा



तूर फुलावर आहे, हरभरा बोटभर झाला आणि रोह्यांचे कळप नाल्याकडून रोज वर येऊन राहिले. या दिवसांत पेजवर प्रश्न येतात ते अळीचे नाहीतर मर रोगाचे. यंदा मात्र पंधरा दिवसांत तिघांनी एकच वेगळा प्रश्न विचारला. एक मानोऱ्याकडचे, एक मालेगावचे, एक कारंज्याजवळचे. प्रश्न असा की, "भाऊ, शेतीसंरक्षणाचा परवाना घरातल्या बाईमाणसाच्या नावानं काढतो आहे (एकानं बारीक अंगाच्या पोराच्या नावानं), पहिल्यांदाच बंदूक धरणार, तर सगळ्यात हलकी बंदूक कोणती?"

तिघांनाही फोनवर जे बोललो तेच इथं लिहितो. प्रश्नच उलटा आहे. आणि तो उलटा झाला याला दुकानदार, घरातले जुने परवानेवाले आणि पारावर बसून सल्ले देणारे सगळे जबाबदार आहेत. "बाई आहे ना, मग हलकी द्या." "पोट्टं काडीसारखं आहे, मग हलकी द्या." ऐकायला कसं मायेचं वाटते. पण हा सल्ला बारीक माणसाचा खांदा सुजवतो, त्याच्या मनात बंदुकीची धास्ती बसवतो आणि शेवटी ज्याला तिकडं गोळी नको होती त्याच्याकडं नळी वळवतो.

नववीच्या विज्ञानात न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदूक आणि गोळीचंच उदाहरण देतात. गोळी पुढं जाते, बंदूक मागं येते. मी दहावीवर थांबलो, पण एवढं डोक्यात राहिलं. काडतूस तेच ठेवलं तर मागं येणारा रेटा तेवढाच असतो, तो बंदुकीचं वजन पाहून कमी-जास्त होत नाही. बंदूक जड असली तर ती हळू मागं येते आणि खांद्यावर ढकलल्यासारखं वाटते. हलकी असली तर तीच झटक्यानं येते, गुद्दा बसल्यासारखी. हिशेब करून पाहा. तीन किलोची बंदूक सव्वादोन किलोची केली, म्हणजे पाव हिश्श्यानं हलकी केली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा एक तृतीयांशानं वाढते. वजन निम्मं केलं तर दुप्पट. म्हणजे ४५ किलोच्या बाईला दया म्हणून हलकी बंदूक दिली की ९० किलोच्या गड्याला बसतो त्यापेक्षा मोठा गुद्दा आपण तिला दिला. याला दया म्हणायचं का?

आणि ही वजनाची काळजी आपल्याला कधीपासून लागली हो? सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पंपासकट वीस किलोच्या घरात जातो. तो पाठीवर घेऊन हीच बाई सोयाबीनमध्ये चिखलातून दिवसभर फिरते. तेव्हा कोणी म्हणत नाही की हिच्या अंगाला पेलणार नाही. तीन किलोची बंदूक हातात घ्यायची म्हटलं की सगळ्यांना तिचं अंग आठवते.

खेळातल्या लोकांकडं पाहा. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल चालते. चौदा-पंधरा वर्षांच्या बारीक पोरी अशा जड रायफली उभ्यानं धरून साठ-साठ नेम घेतात. वजन असलं की नळी डुलत नाही, म्हणून त्या जडच पसंत करतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, आपल्यासारख्याच खेड्यातला, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेऊन आला. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक. यातलं कोणी हलकी रायफल शोधत बसलं नाही. त्यांच्या रायफलीचा दस्ता मात्र मागं-पुढं, वर-खाली सरकवून अंगाला बसवलेला असतो. गोम सगळी तिथं आहे.

कोणी म्हणेल, ती खेळाची गोष्ट झाली, रायफलही हवेची, तिला धक्का कुठला. बरोबर आहे. म्हणून आता आपल्या वावरातली गोष्ट सांगतो.

माझी एक चुलत वहिनी आहे. उंची पाच फुटाला इंच कमी, वजन चव्वेचाळीस किलो. भाऊ वारल्यावर सात-बारा तिच्या नावावर आला, चार एकर, एका अंगाला नाला आणि पलीकडं झुडपी जंगल. भावाची दोन नळ्यांची बारा बोअर होती. वारस म्हणून परवाना मागता येतो, तसा तिनं मागितला, फेऱ्या मारल्या आणि मिळवला. परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागते, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी अट आहे. तिला ते जिथं मिळालं त्या ठिकाणाचं नाव घेत नाही, पण तिथं दस्ता खांद्याला कसा लावायचा हे तिला कोणी हात धरून दाखवलं नाही. सही झाली, कागद मिळाला, घरी या.

पुढं सराव करायचा म्हणून जाणकार माणसासमोर तिनं पहिला बार काढला. दस्ता तिच्या हातापेक्षा लांब होता. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून तिनं दस्ता खांद्याच्या खोबणीतून काढून दंडावर घेतला, मान पुढं ताणली आणि अंग मागं टाकून तोल सांभाळला. बार झाला तसा दंड काळानिळा पडला आणि गालफडावर दस्त्याचा मार बसला. दुसऱ्या बाराला तिनं ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटले. बघ्यांपैकी एक हसून म्हणाला, "हे बायकांचं काम नव्हं." वहिनी मला एवढंच म्हणाली, "भाऊजी, हात पुरत नाही तर मी काय करू?"

तिच्या या एका वाक्यात सगळ्या शिकवणीपेक्षा जास्त अक्कल आहे. हात पुरत नाही, हेच दुखणं. बंदूक जड होती म्हणून ती चुकली नाही. दुसऱ्याच्या मापाची होती म्हणून चुकली. आणि डोळे मिटून बार काढणारं माणूस रात्री वावरात उभं आहे ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, कारण पलीकडच्या धुऱ्यावर दुसऱ्याची जागल असते.

त्यानंतर सल्ल्यांची रांग लागली. जिल्ह्याबाहेरच्या एका दुकानदारानं सांगितलं, ही विकून टाका आणि हलकीतली एकनळी घ्या. म्हणजे खांद्यावर मार आणखी जास्त, वरून पैसे गेले ते वेगळे. दुसरा म्हणाला, रिव्हॉल्व्हर घेऊन द्या, ते बायकांसाठीच निघालं आहे. त्याच्या डोक्यात 'निर्भीक' होतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये काढलेलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, वजन पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. बायकांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. विचार करा, बायकांसाठी बंदूक काढायची म्हटल्यावर पहिल्यांदा सुचलं काय, तर वजन कमी करणं. काडतूस लहान म्हणून धक्का सोसण्यासारखा असेल, पण आखूड नळीच्या हत्यारानं नेम धरणं नवशिक्याला सगळ्यात अवघड जाते. मनगट जरासं वळलं की नळीचं तोंड शेजारच्या माणसाकडं. आणि वावरात त्याचा उपयोग काय? शेतीसंरक्षणासाठी कायद्यात जी सोय आहे ती गुळगुळीत नळीच्या लांब बंदुकीची आहे, खिशातल्या हत्याराची नाही.

तिसऱ्याचा सल्ला तर जेलात नेणारा होता. म्हणे नळी सहा इंच कापून टाका, हलकी होते आणि हातात फिरते. मंडळी, बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ६ खाली सरळ गुन्हा आहे. वीस इंचांच्या आत नळी आली की ती शेतकऱ्याची बंदूकच राहत नाही. शिवाय पुढचं वजन गेल्यानं बार झाला की नळी वर उसळते आणि आवाज कानाजवळ येतो. कोणी असं सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग करायचं काय? माप घ्यायचं. कुदळीचा दांडा आपण उंची पाहून तासतो. बीबीएफ यंत्राचे दाते जमीन पाहून बसवतो. बंदूक मात्र कारखान्यातून एकाच मापात येते आणि आपण सहा फुटी जमादाराच्या मापाची वस्तू पाच फुटी माणसाच्या गळ्यात मारतो.

माप असं. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याची मागची बाजू कोपराच्या वाकात टेकवायची. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज बसलं पाहिजे. बोट ओढून-ताणून पोचत असेल तर दस्ता लांब. बऱ्याच बंदुकांत ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत चौदा-साडेचौदा इंच अंतर असते. पाच फुटाच्या आसपासच्या माणसाला बारा-साडेबारा ते तेरा इंच लागते. दीड इंचाचा फरक म्हणजे काय? पायाच्या मापापेक्षा तीन नंबर मोठा बूट घालून नांगरामागं चालून पाहा, कळेल.

दस्ता आखूड करता येतो. पण गावच्या सुताराकडं जायचं नाही. बंदुकीचं दुरुस्तीकाम परवाना असलेल्या कारागिराकडूनच करायचं, कायदाच तसा आहे. मागं रबराचं पॅड बसवायचं आणि त्या पॅडची जाडी धरून लाकूड कापायचं, नाहीतर कापलेलं पुन्हा भरून निघते. पाऊण इंचाचं पॅड असेल तर दीड इंच कमी करायला सव्वादोन इंच लाकूड जाईल. हा हिशेब कारागीर करतो, तरी आपण विचारावं. पॅड ऊर्जा खाऊन टाकत नाही, पण गुद्द्याचा धपका पसरवून देते. वहिनीच्या बंदुकीचं हेच केलं. खर्च नव्या बंदुकीच्या मानानं किरकोळ आला.

दुसरी गोष्ट काडतुसाची, आणि ही तर कोणीच सांगत नाही. धक्का कमी करायचा असेल तर बंदुकीचं वजन घटवू नका, काडतुसातला छर्रा घटवा. वेग तोच ठेवून छर्रा पाव हिश्श्यानं कमी केला, म्हणजे बत्तीस ग्रॅमऐवजी चोवीस ग्रॅम, तर खांद्यावरची ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. ऑलिंपिकमधले ट्रॅपवाले चोवीस ग्रॅमच वापरतात आणि उडत्या तबकड्या फोडतात. आपल्याकडं उलटी खोड आहे. नवशिक्याला "एकदा कळू दे" म्हणून सगळ्यात भारी काडतूस हातात देतात. गंमत म्हणून. बैलाला पहिल्याच दिवशी भरलेल्या गाडीला जुंपणारा शेतकरी तुम्ही पाहिला का? बंदुकीच्या बाबतीत मात्र ते शहाणपण.

बोअरचं म्हणाल तर पुस्तकात बारीक माणसाला २० बोअर किंवा .४१० बरी असं लिहिलेलं सापडते. चूक नाही. .४१० मध्ये छर्रा निम्म्याहून कमी, धक्का त्या मानानं. पण आपल्या भागात त्याची काडतुसं मिळवताना जीव मेटाकुटीला येते. बारा बोअरची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली, ती दुकानात असतात. ज्या बंदुकीचं काडतूस मिळत नाही ती बंदूक म्हणजे बियाण्याविना पेरणीयंत्र. म्हणून माझं मत : बारा बोअरच, वजन तीन किलोच्या आसपास, त्याहून फार हलकी नाही आणि फार जडही नाही. वजन पुढच्या टोकाला नको, दोन हातांच्या मधोमध पाहिजे. रिकामी बंदूक दुकानात नेम धरून सावकाश वीस-पंचवीस आकडे मोजायचे. नळीचं तोंड खाली लोंबायला लागलं तर ती बंदूक त्या माणसाला पुढून जड आहे. नळी उसळ्या घेते, ठरत नाही, तर फार हलकी. परवाना ज्याचा आहे त्यानं स्वतः दुकानात जायचं. नवऱ्यानं, भावानं, सासऱ्यानं जाऊन पसंत करून आणायची वस्तू नव्हे ही.

आता कायद्यावर बोलतो, कारण तिथंही तोच उलटा न्याय आहे. १९५९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी म्हणून जिचं नाव लिहिलं आहे ती ठासणीची बंदूक. तोंडाकडून दारू भरा, गज घालून ठासा, वर छर्रा, पुन्हा ठासा, टोपी लावा. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ठीक असेल. पण नवशिक्या, उंचीनं कमी, एकटं, अंधारात, वरून पाऊस. नळी जवळपास छातीला लागते, तोंडावर वाकून गज मारायचा. दारू चिमूटभर जास्त पडली की धक्का किती येईल याला माप नाही. बारीक अंगाच्या नवशिक्यासाठी यापेक्षा अवघड हत्यार शोधून सापडणार नाही आणि आपला कायदा पहिल्यांदा तेच पुढं करतो.

त्याच कलमात पुढं एक सोय आहे, ती वाचा. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर शेतीसंरक्षणासाठीच वीस इंचांहून लांब नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पण खात्री आपोआप होत नाही, अर्जात लिहावं लागते. बहुतेक अर्ज मी पाहिले ते "वन्यप्राण्यांचा त्रास आहे, परवाना मिळावा" एवढ्यावर संपतात. लिहा ना : अर्जदाराची उंची अमुक, रात्री एकटीनं राखण करावी लागते, भरायला वेळ लागतो, पावसात दारू ओली होते, म्हणून काडतुसाची बंदूक पाहिजे. सोबत सात-बारा, पीकपेरा, नुकसानीचे पंचनामे जोडा.

आणि परवाना काढायचाच तर जो खरोखर जागलीला जातो त्याच्या नावानं काढा. आपल्याकडं परवाना सत्तरीच्या आजोबाच्या नावावर आणि बंदूक नातवाच्या खांद्यावर. परवान्यात ज्याचं नाव नाही त्यानं ती वापरायला कायद्यात मुभा नाही. एकवीस पूर्ण झाले नसतील तर परवान्याचा प्रश्नच येत नाही. उद्या काही झालं तर आजोबाही अडकतात, नातूही. याच कारणानं मी त्या तिघांचं एका बाबतीत कौतुक केलं, की त्यांनी राखण करणाऱ्याच्या नावानं अर्ज करायचं ठरवलं. बाईच्या नावानं परवाना म्हटल्यावर गावात नाकं मुरडतात, मुरडू द्या. रात्री त्यांच्या वावरात ती नाकं येत नाहीत.

एक-दोन कृषी सहायक मित्रांनी मला आधीच टोकलं की, भाऊ, तुम्ही बंदुकीचा प्रचार करता का? नाही करत. झटका मशीन आधी, बंदूक नंतर. चांगल्या मशीनची तार क्षणभराचा झटका देते आणि जनावर मरत नाही. त्याउलट घरची लाईन सरळ तारेला जोडणारे दरवर्षी माणसं मारतात, जनावरांची तर मोजदाद नाही. असं करणारा माझ्या मते बंदूकवाल्यापेक्षा धोकादायक आहे, कारण त्याची तार रात्रभर कोणाचीही वाट पाहत बसते. पण मशीन लावूनही तार तोडून येणारी डुकरं आहेत, एकटीनं राहणारं बाईमाणूस आहे आणि कायद्यानं परवाना मिळतो आहे. मग ती बंदूक घेणारच. घेणारच असेल तर तिच्या मापाची घेऊ द्या, एवढंच माझं भांडण आहे.

आणि परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली असं कोणी समजू नका. रोही असो की रानडुक्कर, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्यच काळविटांसाठी आहे आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले की ते रोह्याचे, काळविटाचे, का शेजाऱ्याच्या सुटलेल्या कालवडीचे, हे नवशिक्याला सांगता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी नवशिक्यानं, बारीक असो की जाड, जनावरावर नेम धरूच नये. आवाजानं कळप उठते, तेवढं पुरे. बाराचं तोंड मातीच्या ढिगाकडं किंवा बांधाच्या पोटाकडं, कधीच आभाळाकडं किंवा सपाट खडकाकडं नाही. जखमी डुक्कर काय करते हे ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको. परवानगीनं मारायचंच असेल तर ते अनुभवी माणसाचं काम.

सुरुवात कशी करावी? हवेच्या बंदुकीनं. .१७७ ची, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. तिला धक्का फार नाही, आवाज फार नाही, त्यामुळं डोळे मिटायची खोड लागत नाही. महिना-दोन महिने कागदावर नेम. पाखरांवर नाही, सांगून ठेवतो. पोरगं एनसीसीत असेल तर त्याला .२२ रायफल हाताळायला मिळते, ती संधी सोडू नये. आधी कोणता डोळा सरस आहे तेही पाहा : दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर अंगठा धरा, मग एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं अंगठा खांबावरच राहते तो सरस. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा सरस निघाला तर नेम कायम बाजूला जातो आणि लोक म्हणतात, "हिला जमत नाही." वहिनीचा उजवाच निघाला, पण एका मित्राच्या पोराचा डावा होता. तो बिचारा चार महिने शिव्या खात होता.

मग खरी बंदूक. नळ्या दोन असल्या तरी काडतूस एकच भरायचं. दस्ता गळपट्टीच्या हाडाखालच्या खोबणीत घट्ट, सैल धरला की मार बसलाच. डावा पाय पुढं, गुडघा जरा मोडलेला, अंग पुढं झुकलेलं, जसं आपण भरलेली हातगाडी ढकलतो. कानात कापसाचा बोळा चालत नाही, फोमचे प्लग किंवा कानपट्टी पाहिजे. बारा बोअरच्या आवाजानं कान कायमचा जाऊ शकते. एका दिवशी पाच-सहा बारांच्या वर नाही. खांदा दुखायला लागला की त्या दिवसाचं शिक्षण संपलं, पुढं फक्त भीती शिकणं होते.

वहिनी आता पंचवीस पावलांवरच्या पत्र्याच्या डब्यावर नेम चुकत नाही, बंदूक तीच आहे, भावाची, तीन किलोच्या वरची. हसणारे गृहस्थ सध्या गप्प आहेत.

सरकार दरबारी मागणी करायची तर माझी एकच आहे. परवान्याआधीचं प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी व्हावं, बायकांसाठी एक दिवस वेगळा ठेवावा आणि तिथं दोन-तीन मापांचे दस्ते असलेल्या बंदुका असाव्या. फवारणीच्या संरक्षक किटमध्ये हातमोजे लहान-मोठे मिळावे म्हणून आपण भांडतो ना, तसंच हे. कृषी विभागातल्या पेज वाचणाऱ्या मंडळींना विनंती, की वन्यप्राण्यांच्या नुकसानीवर कार्यक्रम घेता तेव्हा तार-कुंपणासोबत यावरही अर्धा तास ठेवा. शेतकरी हा विषय तुम्हाला विचारत नाही, कारण त्याला वाटते तुम्ही हसाल.

मानोऱ्याच्या भाऊंसाठी : येत्या रविवारी मुलीला घेऊन या. बंदूक आणायची नाही, तिचा परवाना अजून झालेला नाही. एक सरळ काठी आणि शिंप्याचा टेप आणा. दस्त्याचं माप काठीवरच काढून देतो, ते कागदावर लिहून दुकानात जा आणि दुकानदार "ताईसाठी हलकी दाखवतो" म्हणाला की तो कागद त्याच्या पुढं ठेवा.